कोणासाठी ते विचारायचं नाही

भावजी, काल तुमचं तेरावं झालं. तुमच्या नलूच्या माहेरची माणसं संध्याकाळच्या गाडीनं परत गेली, मांडववाला कनाती सोडून घेऊन गेला, आणि आज सकाळपासून मी तुमच्याशी भांडते आहे. तीनदा ओटा पुसला. धुतलेले डबे पुन्हा धुतले. आमच्या ह्यांनी पेपरातून मान वर काढली आणि म्हणाले, "त्या ओट्याचं काय चुकलं?" तेव्हा फडकं टाकलं आणि शाळेच्या जुन्या वहीची मागची कोरी पानं घेऊन बसले. बसवत नाहीच, पण हात कशात तरी गुंतलेले बरे.

काल सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलले. फार चांगलं बोलले. अण्णांनी मंडळाचे अध्यक्ष म्हणून भाषणच केलं. आधारस्तंभ झालं, निःस्वार्थ कार्यकर्ता झालं. तुम्ही असतात तर मागच्या खुर्चीवरून मुद्दाम खोकला असतात आणि अण्णा पुढचं वाक्य विसरले असते. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी नको म्हटलं. लोकांना वाटलं, बाईंना भरून आलंय. भरून आलं होतंच, नाही असं नाही. पण चार माणसांसमोर तुमच्याबद्दल बोलायचं म्हणजे मी तुमच्याशी काय केलं तेही सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

तुम्ही खानदेशातून इथल्या कारखान्यात आलेले, आणि मी धारची, दरबाराशी नातं सांगणाऱ्या घरातली, लग्न होऊन देवासला आलेली. तुम्ही पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर घरी आलात तेव्हा मी माहेरच्या सवयीनं विचारलं, "आपण चहा घेणार ना?" तुम्ही दचकून मागे वळून पाहिलंत, आणखी कोण मोठं माणूस आलंय म्हणून. त्या दिवसापासून मी तुमची वहिनीसाहेब झाले. भर बाजारात हाक मारायचात, "ओ वहिनीसाहेब, पालखी कुठं लावली?" माझ्या हातात भाजीची पिशवी आणि पायात झिजलेली चप्पल. मी चिडायची. मनातून आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

आपलं मराठी मंडळ म्हणजे तरी काय होतं? गणपती, कोजागरी, हळदीकुंकू, आणि मुलखापासून लांब राहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या अडीअडचणीला उभं राहायचं, बस. कारखान्यात कायम असलेल्यांना दुखण्याखुपण्याला काही ना काही मिळायचं. ठेकेदाराकडे असणाऱ्यांना, छोटी दुकानं टाकून बसलेल्यांना काहीच नाही. म्हणून मोघेकाकांच्या ऑपरेशनला आपण पहिल्यांदा गोळा केलं. उघडपणे, नाव सांगून, कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून. काका बरे झाले. गणपतीत भज्यांची ताटली हातात घेऊन उभे होते, तेवढ्यात कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, "काका, तळलेलं जपून हं, आमचे पैसे लागलेत त्यात!" सगळे हसले. मोघेकाकाही हसले. मग त्यांनी ताटली खाली ठेवली, आणि पुढं कधी मंडळात पाऊल टाकलं नाही. तुम्ही दोनदा बोलवायला गेलात. दोन्ही वेळा काकूंनी सांगितलं, ते झोपलेत.

मी त्या हसण्यात होते, भावजी. तुम्ही नव्हतात.

पुढच्याच बैठकीत तुम्ही तो नियम मांडलात. ज्याला गरज असेल त्याच्या घरच्यांनी पाकीट द्यायचं. पाकीट उघडणार सचिव, म्हणजे मी, आणि अध्यक्ष. पैसे थेट दवाखान्यात भरायचे. कोणासाठी ते कोणी विचारायचं नाही, कोणी सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जो दारोदार जाणार त्याला स्वतःला नाव माहीत असता कामा नये. "माहीत असलं की तोंडातून निघतं, वहिनीसाहेब. तोंडातून नाही निघालं तर चेहऱ्यावरून कळतं," असं तुम्ही म्हणालात. दारोदार जाण्यात तुमचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून पाकीट उघडणाऱ्यांत तुम्ही कधीच आला नाहीत.

मला तो नियम पटला नव्हता. आजही पुरता पटलेला नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून मी पटल्याचं सोंग करणार नाही. लोक माणसाला देतात, पाकिटाला देत नाहीत, असं माझं म्हणणं होतं. एक चेहरा समोर असला, त्याची दोन लहान मुलं डोळ्यांपुढं आली, की हात खिशात जातो. तुम्ही म्हणायचात, "हो, आणि पुढं दहा वर्षं त्या दोन मुलांकडे हातानं दाखवतो." या एका गोष्टीवरून आपण किती वर्षं भांडलो! चहा गार व्हायचा. नलू आतून ओरडायची, "अरे, बस करा आता, भांडून कोणाचा ताप उतरलाय?"

आणि ते बाफले! पैसे उभे करायला पहिल्या वर्षी आपण पुरणपोळीची पंगत केली. जेवणाची कूपनं घेतली ती आपल्याच लोकांनी. शेजारचे हिंदीवाले यायचे, ताटात बघायचे आणि म्हणायचे, "वो तो ठीक है भिया, पर खाना कब आएगा?" तेव्हा तुम्ही ठरवलंत की दाल-बाफले करायचे. मराठी मंडळानं माळव्याच्या लोकांना बाफले खायला घालायचे! अण्णा आठ दिवस रुसले होते. पण कणकेचे गोळे हळदीच्या पाण्यात उकळून, कंड्यांच्या, म्हणजे गोवऱ्यांच्या, भट्टीत भाजून, तुपात बुडवून जेव्हा पंगतीत आले, तेव्हा धर्मशाळेचं अंगण दोनदा भरलं. त्यानंतर दरवर्षी बाफलेच. एक हलवाई तर म्हणाला, "मराठी लोग बाफले अच्छे बनाते हैं, बस दाल में थोड़ी शक्कर कम डालो." ती साखर मी घालत होते. तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत, तिथंही नियम पाळलात.

धारची कूपनं खपवायला आपण दोघं आणि नलू असे जायचो. इंदूरला उतरून, टेम्पोनं दुसऱ्या स्टँडला, आणि तिथून धारची बस. माझे काकासाहेब, निवृत्त तहसीलदार, त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो? त्यांनी कूपन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "आजार कुणाला झालाय? कुठल्या घराण्यातले?"

तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "माझ्यासाठीच समजा."

काकासाहेबांनी तुम्हाला नखशिखांत न्याहाळलं. "आपली प्रकृती तर उत्तम दिसते."

"बाफले खाऊन बिघडेल की, काकासाहेब."

काकासाहेब इतके हसले की दाताची कवळी सांभाळावी लागली. दोनऐवजी दहा कूपनं घेतली त्यांनी. परतीच्या बसमध्ये मी तुमच्यावर उखडले, खोटं कशाला बोलायचं म्हणून. तुम्ही खिडकीबाहेर सोयाबीन बघत बसलात. पण त्या दिवसापासून ते तुमचं ठरलेलं उत्तर झालं. देवासच्या प्रत्येक दारात, कोणी विचारलं की, "मेरे लिए ही समझो, भिया."

मग कारखान्यानं व्हीआरएस काढली. ज्यांनी घेतली त्यांत तुम्ही होतात. तुम्ही स्टेशन रोडला मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलंत. शेतकऱ्यांच्या जळक्या मोटरी यायच्या, तुम्ही तांब्याची तार गुंडाळत बसायचात आणि गिऱ्हाइकाला मंडळाचं कूपन चिकटवायचात. तुम्हाला काही होईल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. कारखान्याचा दवाखाना सुटला होता, हे डोक्यातच आलं नाही. तुमच्याही आलं नसावं.

नलू आली ती माझ्या शाळेत, मधल्या सुट्टीनंतर. स्टाफरूमच्या बाहेर उभी. पाकीट पदरात धरून धरून दमट झालेलं. म्हणाली, "माझ्यासमोर उघडू नका, वहिनी." मी तिच्यासमोरच उघडलं. आत इंदूरच्या डॉक्टरांचा कागद होता आणि त्यावर तुमचं नाव. तीन नळ्या बंद. बायपास करायची, तीही लवकर, दोन महिन्यांच्या वर जाऊ देऊ नका असं त्यांनी बजावलेलं. तुम्ही तिला सांगितलं होतं की उज्जैन रोडचा प्लॉट विकला गेला की करू. तो प्लॉट तीन वर्षं विकत होतात तुम्ही.

"ह्यांना कळू देऊ नका," नलू म्हणाली. "कळलं तर घेणार नाहीत. मी सांगेन माझ्या भावानं दिले. वहिनी, तुम्हाला माझी शपथ आहे."

मी हो म्हटलं. का म्हटलं, यावर तेरा दिवस विचार करते आहे. शपथ होती. नियम होता. जीव वाचायचा होता. हे सगळं खरं आहे. पण आणखी एक गोष्ट खरी आहे आणि ती मी नलूलाही सांगितलेली नाही. माझ्या मनात एक कोपरा असा होता जो म्हणाला, आता बघू यांचा नियम. इतकी वर्षं भांडलात ना माझ्याशी, आता बघा. तुम्ही मरणाच्या दारात उभे होतात आणि मला वाद जिंकायचा होता. भावजी, मला याची लाज वाटते. तुम्ही समोर असतात तर कदाचित हसला असतात, पण मला लाज वाटते.

तुम्हाला घरी बसवायचा प्रयत्न मी केला होता, तेवढं तरी माझ्या बाजूनं बोलू द्या. बैठकीत म्हटलं, यंदा कूपनं तरुण मंडळी वाटतील, भावजी भट्टी सांभाळतील. तुम्ही उसळलात. "का? मी म्हातारा झालो? आणि भट्टीवर धूर असतो. आजकाल धुरानं मला दम लागतो." हे तुम्ही मला सांगत होतात! डॉक्टरांचा कागद माझ्या पर्समध्ये, आणि मी मान डोलावत विचारतेय, "हो का? कधीपासून?"

शेवटी मीच तुमच्याबरोबर निघाले. हाउसिंग बोर्डाच्या त्या तीन मजली इमारती. प्रत्येक मजल्यावर तुम्ही थांबायचात, वाकायचात आणि सँडलचा पट्टा नीट करायचात. पट्ट्याला काहीही झालेलं नव्हतं. मी म्हणायची, "खालची घरं पुरे." तुम्ही म्हणायचात, "वरच्यांना काय भूक लागत नाही?" एके दिवशी शाळेत तपासणी होती, मी येऊ शकले नाही. तुम्ही एकटे गेलात आणि कूपनांचं सगळं पुस्तक संपवून आलात. म्हणालात, "बघा वहिनीसाहेब, चेहरा नको, नाव नको, माणूस देतो. कबूल करा आता." मी पैसे मोजून घेतले. तुम्हाला वाटलं मी हरले.

पंगतीच्या दिवशी तुम्ही वरणाची बादली घेऊन फिरत होतात. "लो भिया, लो, शरमाओ मत." घामानं सदरा पाठीला चिकटलेला. नलू आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळत होतो. दोन दिवसांनी अण्णांनी दवाखान्यात रक्कम भरली आणि माझ्या हातचं पत्र दिलं. कूपनावर नाव नसतं, पण दवाखान्याला नाव लिहून द्यावंच लागतं. ते मी लिहिलं. तुमचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सुवाच्य अक्षरात. शाळेची सवय.

नलू तुम्हाला भरती करायला घेऊन गेली. काउंटरवरच्या मुलीनं सही घ्यायला फाइल तुमच्याकडे फिरवली, आणि वरती माझं पत्र. तिचा तरी काय दोष?

दुपारी दोनच्या सुमाराला तुम्ही माझ्या दारात उभे होतात. इंदूरहून थेट. नलू मागं पायरीवर बसून रडत होती. तुम्ही सँडल काढली नाहीत, आत आला नाहीत.

"अक्षर तुमचं आहे," तुम्ही म्हणालात.

"हो."

"मी घरोघर फिरलो, वहिनी."

वहिनीसाहेब नाही. वहिनी.

"माझ्या हातानं माझ्यासाठीच मागायला लावलंत. त्या जिन्यावरच्या पोरांना मी म्हटलं, अजून एक घ्या, कोणाच्या तरी घरचा दिवा आहे. कोणाचा? माझाच? तुम्ही शेजारी उभ्या होतात. मला एकदा तरी अडवायचं होतं ना?"

मी म्हटलं, "नियम तुमचाच होता, भावजी."

"नियम आजारी माणसाला लाज वाटू नये म्हणून होता."

"मग तुम्हाला का वाटते?"

हे मी म्हटलं. याच शब्दांत, याच आवाजात, वर्गात चुकलेल्या मुलाला विचारते तसं. तुम्ही वळलात, नलूला हाताला धरून उठवलंत, आणि गेलात. आणि मला, देव मला क्षमा करो, त्या क्षणी वाटलं की मी जिंकले.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दुकान उघडलंत. ऑपरेशन करीन पण प्लॉट विकून, स्वतःच्या पैशानं, असं अण्णांना सांगितलंत. अण्णा तीनदा आले, नलू रोज रडली. आमचे हेसुद्धा दुकानात जाऊन बसले, तर तुम्ही ह्यांना मोटरीची माहिती देत राहिलात. मी आले नाही. मला वाटलं, येतील. गणपतीच्या वर्गणीला तरी यावंच लागेल. कोणी आधी बोलायचं हा प्रश्न होता, आणि मी धारची. रोज शाळेतून येताना स्टेशन रोड टाळून दुसऱ्या रस्त्यानं यायची. तुम्ही मला बघितलं असतंत तर काय झालं असतं? हाक मारली असतीत? मला वाटतं मारली असतीत. म्हणूनच मी टाळत होते.

शेजारच्या टायरवाल्यानं सांगितलं की तुम्ही जेवणाचा डबा उघडलात, पुन्हा बंद केलात आणि स्टुलावरून खाली बसलात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरांनी दिलेल्या दोन महिन्यांतले काही दिवस अजून शिल्लक होते.

काल जेवणं झाल्यावर हाउसिंग बोर्डाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या चौहानभाभी माझ्याजवळ आल्या. तुम्ही एकटे गेला होतात ना त्या दिवशी, त्यांच्याकडे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बहनजी, एक बात पूछूँ? भिया को सच में पता नी था क्या?"

"काय?" मी विचारलं. हिंदीही सुचली नाही.

"कि उनके लिए ही था. हमको तो उसी दिन पता चल गया था. सीढ़ी पे बैठ गए थे, पूरे पसीने में. मैंने पानी दिया. पूछा, किसके लिए है भिया? बोले, मेरे लिए ही समझो. तो हमने समझ लिया. पूरी बिल्डिंग ने दो-दो ज्यादा ले लिए, और तय कर लिया कि कोई बोलेगा नी."

सगळ्या इमारतीला माहीत होतं, भावजी. जिन्यावरच्या पोरांनासुद्धा. नाव न घेता, चेहरा बघून त्यांनी दिलं, आणि एका शब्दानं तुम्हाला कळू दिलं नाही. मग आपल्या भांडणाचं काय झालं? माझं खरं ठरलं की तुमचं? काल संध्याकाळपासून हेच डोक्यात फिरतंय आणि ओटा पुसून होत नाही.

आणि मग दुसरा विचार येतो, तो पहिल्यापेक्षा वाईट. तुम्हालाही माहीत होतं का? तुम्ही काही भोळे नव्हतात. नलूचा कोणता भाऊ एवढी रक्कम देणार होता? तिला एकच भाऊ, त्याची पानाची टपरी. छातीत कळ येते, बायको गप्प गप्प असते, त्याच महिन्यात मंडळाला एक पाकीट येतं, आणि वहिनीसाहेब, ज्या तुम्हाला जिना चढायला लावून स्वतः खाली गप्पा मारत उभ्या राहायच्या, त्या अचानक प्रत्येक मजल्यावर बरोबर येतात. तुम्हाला कळलं नसेल? की कळलं होतं आणि कागदावर नाव दिसेपर्यंत न कळल्यासारखं राहता येत होतं, तेवढंच तुम्हाला हवं होतं? तसं असेल तर मी सुवाच्य अक्षरात लिहून तेही हिसकावून घेतलं. तसं नसेल तर मी तुम्हाला फसवलं. मी कुठल्याही बाजूनं चालत गेले तरी भिंतच लागते, आणि तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही.

इथवर लिहून वही मिटली होती. हे पुढचं दोन दिवसांनी लिहिते आहे.

काल अण्णा आले. तुमच्यासाठी भरलेली रक्कम दवाखान्यानं परत केली होती. नलूनं निरोप पाठवला होता की ती पुढच्या गरजूला द्या. आणि अण्णांच्या हातात एक पाकीट होतं. म्हणाले, "ही रक्कम याला पुरणार नाही, पंगत करावी लागेल. नियम ठेवायचा का मोडायचा ते तुम्हीच ठरवा, बाई. माझं डोकं चालत नाही." भाषणातले अण्णा वेगळे आणि हे वेगळे. पाय ओढत गेले.

पाकिटात प्रभाकर कदमचं नाव होतं. ठेकेदाराकडे वेल्डर आहे, तुम्ही त्याला ओळखत होतात. मणक्याचं ऑपरेशन आहे, दोन महिने पाठ टेकून आहे. त्याची मुलगी माझ्या वर्गात सहावीला. मी आधी ठरवलं, नियम ठेवायचा, तुमच्यासाठी. मग ठरवलं, मोडायचा, तोही तुमच्यासाठीच. दुपारभर असं चाललं. आमचे हे म्हणाले, "इतकं काय ठरवायचंय, जाऊन त्यालाच विचार की." आणि पेपर वाचायला लागले.

मी चप्पल घातली आणि गेले.

प्रभाकर खाटेवर पडून होता. मला बघून उठायची धडपड करायला लागला, मी दटावून झोपवला. त्याची बायको चहा ठेवायला आत गेली. मी सरळ विचारलं, "तुमच्यासाठी पंगत करणार आहोत. तुमचं नाव लोकांना सांगू की नको?"

त्याला कळलंच नाही. "म्हणजे? मला विचारताय?"

"हो. तुम्हालाच."

आत भांड्याचा आवाज थांबला होता, बायको ऐकत होती. तो म्हणाला, "सांगा, बाई. वेल्डिंग करणारा माणूस आहे मी, लपवून काय करू? फक्त दोन दिवस थांबा. पोरीला वाटतंय माझी नुसती कंबर धरलीय. आधी मी तिला सांगतो. तिला शाळेत बाहेरून कळायला नको."

"थांबते," मी म्हटलं.

चहा आला. मी निघायला उठले, तेव्हा त्यानं सहज विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. "बाई, आधी ज्यांच्या ज्यांच्यासाठी केलं ना तुम्ही, ते काय म्हणाले होते? सांगा म्हणाले का नको म्हणाले?"

कप माझ्या हातातच राहिला. मोघेकाका, आणि मग ती सगळी पाकिटं. नाव सांगावं असं मी म्हणत होते, सांगू नये असं तुम्ही म्हणत होतात. इतकी वर्षं, इतके चहा गार करून. आणि खाटेवर पडलेल्या एकाही माणसाला आपण दोघांपैकी कोणी विचारलं नव्हतं.

"त्यांना विचारलं नव्हतं," मी प्रभाकरला म्हटलं.

घरी आले आणि पहिल्यांदा नीट रडले. तेराव्यालाही रडले नव्हते अशी. भावजी, नलू पाकीट देऊन गेली त्या संध्याकाळी मला दुकानात येता आलं असतं. दहा मिनिटांचा रस्ता. तुम्ही रागावला असतात. हातातली तार फेकली असतीत, नलूवर ओरडला असतात, मला म्हणाला असतात, तुमच्या धारच्या लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच आहे. चार दिवस बोलला नसतात. मग पाचव्या दिवशी चहाला आला असतात आणि हो म्हणाला असतात.

असं मला वाटतं. तुम्हाला विचारलं नाही.